सलोमाचं मत राहिलं होतं

आमच्या ख्रिस्ती मंडळीत एखाद्याने सगळ्यांसमोर गुडघे टेकून चूक कबूल केली आणि सगळ्यांनी माफी दिली, की ती चूक मेली. पुन्हा कुणी तिचं नाव काढायचं नाही. काढलं, तर काढणाऱ्यानेच गुडघे टेकायचे. मी चाळीस वर्षं या मंडळीचा डिकन आहे, म्हणजे हा नियम घरोघरी बजावत फिरणारा मीच. आज तो मोडतोय. चुका दोन आहेत, एक योस्ट रीलची आणि एक माझी. दोन्ही वीस वर्षांपूर्वी मेल्या. माझे गुडघे आता दुखतात, पण टेकवीन.

लिहिण्याआधी सलोमाला विचारलं. ती पावाचं पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "लिहा की, टोबीकाका. पण मला संत करू नका. एकदा एकाला केलंत, तेवढं पुरे."

असं बोलते ती. ऐकून माझी मान खाली गेली, आणि ती जायलाच हवी होती.

सलोमा एश तेरा वर्षांची असताना तिची आई गेली. धाकटा भाऊ ईनोस तेव्हा सात वर्षांचा. त्याला न्हाऊ घालणं, त्याचे कपडे शिवणं, त्याला प्रार्थना शिकवणं, एक ना दोन, सगळं हिनेच केलं. पुढे बापही गेला. तीस एकर जमीन, अकरा गाई आणि ही दोन पोरं. शेत मात्र कधी पडीक दिसलं नाही. जीभ तिखट झाली ती त्याच दिवसांत. सत्ताविसाव्या वर्षीही तिचं लग्न झालेलं नव्हतं. आमच्याकडे म्हणत, सलोमाकडे गेलेला मुलगा तिला बघून येत नाही, तिचं ऐकून येतो.

मग एकोणीसशे अठरा सालच्या ऑगस्टात लढाईचं बोलावणं आलं. ईनोसला, आणि घोड्यांचे साज शिवणाऱ्या योस्ट रीलला. आम्ही अमेरिकेतली आमिश माणसं. बंदूक धरत नाही आणि सोजिराचे कपडेही अंगाला लावत नाही; आमच्या कोटांना तर बटणंही नसतात. पण सरकारला ते कुठे पटतं? दोघांना दक्षिणेतल्या एका छावणीत नेलं आणि कपडे घाला म्हणून पाठी लागले.

सप्टेंबरात मी त्यांना पत्र लिहिलं. लिहिलं होतं, "तो बटणांचा कोट अंगाला लागू देऊ नका, मरण आलं तरी. सगळी मंडळी तुमच्याकडे बघते आहे." चुलीशेजारी बसून, गरम सूप पिऊन झाल्यावर लिहिलं. वाक्य मला इतकं आवडलं, की मी ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं.

फ्रोनी म्हणाली, "तुम्हाला थंडी वाजत नाहीये ना, म्हणून सुचतं असलं."

"तुला यातलं कळत नाही," मी म्हणालो आणि पाकीट चिकटवलं.

ऑक्टोबर संपता संपता ईनोसची शवपेटी आली. इन्फ्लुएन्झाची साथ होती, म्हणून झाकण खिळे ठोकून बंद केलेलं. सलोमाने त्याला घालायला पांढरे कपडे शिवून आणले होते, ते तसेच घडी करून परत नेले. ती रडली नाही. स्टेशनावरच्या माणसाला तिने फक्त विचारलं, "हा तोच आहे कशावरून?" त्याने कागद दाखवला.

योस्ट परतला फेब्रुवारीत, आपल्या साध्या कपड्यांत, निम्मा होऊन. कुणी काही विचारलं की खाली बघायचा. आम्ही म्हणालो, बघा किती नम्र आहे! छळ सोसला, पण बढाई नाही. हे "आम्ही" म्हणजे मुख्यतः मी. दोन पोरांनी कोठडीत उपाशी, उघड्यावाघड्या राहून सरकारला दाद दिली नाही, एकाने जीव दिला, एक जिवंत साक्षीदार आला, हे मी घरोघरी सांगितलं. आमच्या जर्मन साप्ताहिकाला लिहून पाठवलं. दुसऱ्या मंडळ्यांतले लोक बग्ग्या जोडून योस्टला बघायला येऊ लागले. गर्व हे सगळ्यात मोठं पाप, असं आम्ही मुलांना पाळण्यात शिकवतो. माझा गर्व मात्र काळी टोपी घालून दर रविवारी मंडळीत पहिल्या बाकावर बसत होता. मला तो दिसला नाही.

मार्चमध्ये योस्ट न सांगता सलोमाचं शेत नांगरायला लागला. रोज यायचा, नांगरायचा, जायचा. ती पाव, लोणी आणि सफरचंदाचा मुरांबा घेऊन बांधावर जायची. तो उभ्यानेच खायचा.

"घरात ये की," ती एकदा म्हणाली. "आमच्या खुर्च्यांना काटे आहेत का?"

"बूट चिखलाचे आहेत."

"मग बूट बाहेर राहू देत. तू ये."

तो गेला नाही. पण बांधावर बसायला लागला. आणि तिला ईनोसच्या गोष्टी सांगायला लागला. ईनोस छावणीत आपली भजनं इतकी संथ गायचा, की पहारेकरी उभ्या उभ्या पेंगायचा. मग ईनोसच त्याला हाक मारून उठवायचा, "अहो, आम्ही पळून जाऊ ना!" सलोमा हसली. शेजारच्या शेतातून फ्रोनीने ते ऐकलं आणि घरी येऊन मला सांगितलं, "एशांची पोरगी आज हसली." कितीतरी महिन्यांनी हसली होती. योस्टला त्या हसण्याची चटक लागली. आणि जे सांगायचं होतं ते रोज एक दिवस पुढे गेलं.

मेमध्ये तो माझ्याकडे आला. मी कुंपणाला चुना लावत होतो. म्हणाला, "काका, मी कपडे घातले होते. पाचव्या दिवशी. आणि शेवटी ईनोसने—"

"थांब," मी म्हणालो.

खरं सांगायचं तर मी घाबरलो. पण कशासाठी, हे लिहितानाही लाज वाटते. त्याच्यासाठी नाही. ईनोससाठी नाही. साप्ताहिकात छापून आलेलं आठवून.

"पण काका, मला गुडघे टेकायचेत."

"तुझ्या एकट्याची गोष्ट आहे का ही? ईनोसच्या नावाला धक्का लागेल. तिला काय वाटेल? देवाला ठाऊक आहे ना? मग झालं. जा, पेरणीचे दिवस आहेत."

तो ब्रशकडे बघत उभा राहिला, मग गेला. पुढचं वाक्य काय होतं ते मी ऐकलंच नाही. मला कुंपण पुरं करायचं होतं.

सप्टेंबरात तो पुन्हा आला, लग्नाचं घेऊन. आमच्याकडे मुलगा स्वतः मागणी घालत नाही. डिकन गुपचूप जाऊन मुलीचा होकार आणतो. मी सलोमाकडे कोंबड्या बघायच्या निमित्ताने गेलो.

"काका, तुमच्या घरी चाळीस कोंबड्या आहेत," ती म्हणाली. "सरळ सांगा, योस्टने पाठवलंय ना?"

"तुझं काय म्हणणं?"

तिने हात पुसले. जरा लाजली. तिला लाजताना मी तेव्हा पहिल्यांदाच बघितलं, आणि ती एकदम कोवळी मुलगी दिसली. मग म्हणाली, "एक विचारते. त्याच्या मनात काहीतरी आहे. बोलता बोलता गप्प होतो. त्याच्याबद्दल मला ठाऊक असायला हवं असं तुम्हाला काही ठाऊक आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

एवढंच. डोळ्यांत डोळे घालून. डिकन म्हणून, देवाच्या कामावर असताना.

"मग हो सांगा," ती म्हणाली, आणि तिने मला दोन कोंबड्या दिल्या, निमित्त खोटं पडायला नको म्हणून.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी, प्रार्थना संपल्यावर, मी उभा राहून जाहीर केलं: योस्ट रील आणि सलोमा एश यांचं लग्न नोव्हेंबरात होईल. त्या दिवशी नवरी मंडळीत येत नाही. ती घरी राहून नवऱ्या मुलासाठी स्वयंपाक करते, आणि नावं पुकारली की मुलगा टोपी उचलून सगळ्यांच्या आधी बाहेर पडतो, थेट तिच्याकडे जेवायला. सगळे मागे वळून त्याच्याकडे बघत होते. पोरं खुसखुसत होती.

योस्ट उठला. दाराकडे न जाता पुढे आला. बिशपसमोर त्याने गुडघे टेकले.

"मी सोजिराचे कपडे घातले होते," तो म्हणाला. "तुम्ही मला जे समजता ते मी नाही. ईनोस होता. मी पाच दिवसांत मोडलो. आणि आठ महिने तुमचं कौतुक ऐकत बसलो."

माझे कान तापले. आता तो म्हणेल, मी मेमध्ये डिकनला सांगितलं होतं. वाट बघत बसलो. तो म्हणाला नाही. त्याने माझं नावही घेतलं नाही, आणि मी, पन्नाशीचा बाप्या, मनातल्या मनात सुटलो बुवा असं म्हणालो. या वाक्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

लहान मुलांना बाहेर पाठवलं. योस्टलाही. मग दोन पाळक बाकांमधून फिरून प्रत्येकाचं मत घेत गेले, एक पुरुषांचं, एक बायकांचं. सगळ्यांनी माफी दिली. कित्येक बायका रडत होत्या. बिशप लॅप म्हातारा, पण त्याचं लक्ष पक्कं. तो म्हणाला, "एक मत राहिलं. सलोमाचं. एकाचंही राहिलं तर माफी पुरी होत नाही. टोबायस, तू त्याला घेऊन जा आणि तिला विचारून ये."

मी बग्गी जोडली आणि त्याला शेजारी बसवून निघालो.

सलोमाने टेबल मांडलं होतं. भाजलेली कोंबडी, कुस्करलेले बटाटे, आमच्या लग्नांत लागतेच म्हणून परसात लावलेली सेलरीची भाजी, थोडी सायीत शिजवलेली. दोन ताटल्या. दारात आम्हा दोघांना बघून हसली. "काका, वास तिथपर्यंत आला वाटतं! बसा, तिसरी ताटली काढते."

"सलोमा," मी म्हणालो, "मंडळीचं काम आहे." आणि ठरलेल्या शब्दांत विचारलं. योस्टने गणवेश घातल्याचं गुडघ्यांवर कबूल केलंय, सगळ्यांनी माफी दिलीय, तुझं काय मत?

तिने ताटली खाली ठेवली. योस्टकडे बघितलं. "किती दिवसांनी?"

"पाचव्या. कोठडीत दगडी जमीन होती. ओल होती. आमचे कपडे काढून घेतले होते."

"आणि ईनोस?"

"नवव्या दिवशी गेला. मला मुद्दाम त्याच्यासोबतच ठेवलं, माझं बघून तो घालील म्हणून. त्याच्यासाठी आणलेला गणवेश कोपऱ्यात घडी करून ठेवलेला होता."

"बरं," ती म्हणाली. तिचा आवाज नीट होता. "तू मोडलास. माणूस मोडतो. हे मला आधी सांगायचं होतंस."

"एवढंच नाही, सलोमा." तो उभाच होता, टोपी हातात. "त्याला ताप चढला. उठता येईना. म्हणाला, योस्ट, थंडी वाजते, तो कोट दे. मी दिला नाही."

मी खुर्चीची पाठ धरली.

"का?" ती म्हणाली.

"मला वाटलं, आमच्यातला एक तरी टिकला पाहिजे. टोबीकाकांचं पत्र आलं होतं. सगळी मंडळी बघते आहे, मरण आलं तरी लावू नका. तो ते रोज वाचून दाखवायचा मला. मी म्हणालो, ईनोस, सकाळपर्यंत धर, सकाळी डॉक्टर येईल. एवढं सोसलंस, आता नको घालवू."

"आणि तुझ्या अंगावर?"

"होता. कोट होता."

"एकदाच मागितला?"

"दोनदा." योस्टने टोपी टेबलावर ठेवली. "दुसऱ्यांदा मागितला तेव्हा त्याने मला सलोमा म्हणून हाक मारली."

ती टेबलाची कड धरून उभी राहिली. मला वाटलं, जमिनीने मला गिळावं. मेमध्ये हेच वाक्य मी चुन्याच्या बादलीशेजारी अर्ध्यात तोडलं होतं. आणि त्या पोराच्या अंगावरून कोट ओढून घेणारा हात योस्टचा नव्हता, माझा होता, इथून, सूप पिऊन.

"पत्र माझं होतं," मी म्हणालो. "आणि कपड्यांचं याने मला मेमध्येच सांगितलं होतं. मी गप्प बसवलं."

"म्हणजे कोंबड्या न्यायला आलात तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"बिशपना सांगा, कपड्यांबद्दल माझी माफी आहे," ती म्हणाली. "तेवढंच विचारायला आलात ना? कोटाबद्दल तुमच्याकडे नियम नाही. त्याचं मत कोण घेणार?" मग तिने कोंबडी कापून दोन ताटल्यांत वाढली. "ईनोस घरातलं अन्न कधी टाकू देत नसे. जेवा दोघं. भांडी तशीच राहू द्या. लग्नाचं आता नाही."

ती गोठ्यात निघून गेली. आम्ही बसलो. तिने सांगितलं म्हणून आम्ही सगळं खाल्लं, बटाटे, सेलरी, सगळं. चावण्याचा आवाज ऐकू येत होता. इतकं चांगलं जेवण मला आयुष्यात इतकं जड गेलं नाही.

पुढच्या सभेला मी गुडघे टेकले. वसंतापर्यंत मला डिकनच्या कामावरून आणि प्रभुभोजनापासून दूर ठेवलं. माफी सगळ्यांनी दिली. बायकांचं मत घेणाऱ्या पाळकाने नंतर सांगितलं, सलोमाने फार वेळ लावला, पण हो म्हणाली. झालं, विषय बंद. लोक मला पुन्हा नमस्कार करायला लागले, माझ्याशी पावसापाण्याचं बोलायला लागले. कुणी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण आमच्यात ती सोय नाही.

तो हिवाळा सलोमाने शिवणात काढला. लढाईत उघड्या पडलेल्या परदेशातल्या पोरांना पाठवायला मंडळीच्या बायका कपडे शिवत होत्या. फ्रोनी सांगायची, बाकीच्या झगे, मोजे काय काय करतात, सलोमा फक्त कोट शिवते. लोकरीचे, जाड. जर्मनांच्या पोरांनाही चालतील का, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा म्हणाली, "थंडी काय पासपोर्ट बघून वाजते?" योस्ट तिच्या शेताकडे फिरकला नाही. आपल्या दुकानात सकाळपासून चामडं शिवत बसायचा. तिची सेलरी त्या वर्षी दुसऱ्यांच्या लग्नांत खपली.

मार्चमध्ये मी तुटलेला पट्टा घेऊन योस्टच्या दुकानात गेलो होतो. भर सकाळी, उघड्या दाराने, रस्त्यावरून बग्ग्या जात असताना सलोमा आत आली. आमच्याकडे लग्न न ठरलेली मुलगी अशी मुलाच्या दारात येत नाही. तिने माझ्याकडे बघितलं, पण मला जा म्हणाली नाही.

"योस्ट," ती म्हणाली, "मला माफ करता येत नाही. पाच महिने बघितलं करून. सकाळी उठून करते, तर धारा काढेपर्यंत टिकतं. मग त्याची हाक ऐकू येते आणि सगळं पहिल्यापासून. मी बिशपना विचारलं, हे कधी संपतं? म्हणाले, ठाऊक नाही. म्हणजे मला रोज करावं लागणार, मरेपर्यंत. तुझ्याशिवाय करून बघितलं, तेही जमत नाही. असल्या घरात राहायची तयारी असेल तर ये."

योस्टने सुई खाली ठेवली. "आणि एखाद्या दिवशी नाहीच जमलं तर?"

"तर तसं सांगेन. त्या दिवशी धारा तू एकटा काढ."

तो रडायला लागला, लहान पोरासारखा, चामड्यावर डोकं टेकून. मी पट्टा तिथेच टाकून दाराकडे सरकलो.

"कुठे निघालात?" ती म्हणाली. "तुमच्यासाठीही करते, काका. तुमची पाळी दुपारी येते. कधी कधी जेवायची वेळ टळते."

त्या नोव्हेंबरात त्यांची नावं मी दुसऱ्यांदा पुकारली. त्यांना चार मुलं झाली. शेत चांगलं चाललंय. दोघं एकमेकांवर जीव टाकतात, हे शेंबडं पोरही सांगेल. पण अजूनही एखाद्या सकाळी त्यांच्या गोठ्यावरून जाताना योस्ट एकटाच धारा काढताना दिसतो, आणि स्वयंपाकघराचं दार लावलेलं असतं. मी बग्गी थांबवतो, आत जातो, दुसरी बादली घेतो आणि शेजारच्या गाईखाली बसतो.